कुठल्या ओळीत?

मिरजेच्या एका खासगी रुग्णालयातल्या आयसीयूत मीनल आठ वर्षं स्टाफ नर्स होती. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा श्वास जरासा बदलला, तरी मॉनिटर वाजायच्या आधी ती बेडजवळ पोचलेली असायची. नवीन आलेले डॉक्टर तिला विचारून घ्यायचे. अशी ही हुशार मुलगी इंग्रजी वाचनाच्या पेपरात अडकून पडली होती आणि आपण नेमकं कुठं अडकलोय, हेच तिला उमगत नव्हतं.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची, तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला इंग्रजी येत असल्याचा पुरावा लागतो. त्यासाठी आयल्ट्स ॲकॅडमिक ही परीक्षा द्यायची ठरवली, तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत ७ बँड हवेत आणि लिखाणात ६.५. वाचनाच्या पेपरात तीन लांबलचक उतारे, ४० प्रश्न आणि बरोबर एक तास. ७ बँड मिळवायला साधारण ३० उत्तरं बरोबर यावी लागतात. मीनलची गाडी २३-२४ च्या पुढं सरकत नव्हती.

तिनं सांगलीत क्लास लावला होता. तिथं शिकवायचे ते असं: उतारा वाचत बसू नका, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात हुडका, सापडला की उत्तर लिहून मोकळे व्हा. विधानात ‘ऑल’ किंवा ‘ओन्ली’ दिसलं की बेधडक फॉल्स. प्रश्नांवर आधी नजर टाकण्यात गैर काही नाही. पण या परीक्षेचे पेपर काढणारे कसलेले असतात. उताऱ्यातली गोष्ट प्रश्नात ते वेगळ्या शब्दांत मांडतात आणि कित्येकदा उताऱ्यातला जसाच्या तसा शब्द चुकीच्या पर्यायात बसवून ठेवतात. नुसता शब्द हुडकत जाणारा तिथं हमखास फसतो. मीनलही फसत होती, पण तिचा खरा घोटाळा निराळाच होता. तो उघडकीला आला तासगाव तालुक्यातल्या तिच्या गावी.

फळछाटणी उरकली होती. चार दिवसांची रजा काढून मीनल घरी आली, ती सरावाचं पुस्तक घेऊनच. सकाळी सोप्यात बसून तिनं एक उतारा सोडवला, मागची उत्तरं ताडून बघितली आणि पेन्सिल आपटली.

“पुस्तकच चुकीचं छापलंय,” ती म्हणाली.

तिचे वडील, आप्पा, शेजारी पेपर वाचत होते. सबंध नोकरी त्यांनी तलाठी म्हणून काढली होती. इंग्रजी त्यांना सरकारी परिपत्रकापुरतं यायचं. बोट ठेवून, सावकाश.

“काय म्हणतोय उतारा? मला मराठीत सांग.”

उतारा फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर होता. मीनलनं सांगितलं : क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ परिचारिकांना घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. तिथं जखमांपेक्षा कॉलरा, टायफस आणि हगवणीनं जास्त सैनिक मरत होते. मार्च १८५५ मध्ये सरकारनं स्वच्छता आयोग पाठवला. गटारं उपसली गेली, खोल्यांत हवा खेळती झाली आणि मृत्यू उतरले.

“आणि प्रश्न?”

“विधान दिलंय. परिचारिकांना हात धुण्याची सक्ती केल्यामुळं स्कुटारीतले मृत्यू कमी झाले. ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन, ते सांगायचं. मी ट्रू लिहिलं. हे म्हणतात नॉट गिव्हन.”

“तू ट्रू का लिहिलंस?”

“अहो आप्पा, हात धुणं हा आमचा पहिल्या वर्षाचा पहिला धडा. नाइटिंगेलनं स्वतः १८५९ च्या पुस्तकात लिहिलंय, नर्सनं दिवसातून पुन्हापुन्हा हात धुवावेत म्हणून.”

“असेल. इथं कुठल्या ओळीत आहे?”

मीनलनं उतारा वरून खाली वाचला. पुन्हा एकदा वाचला. हवा होती, गटारं होती, पाणी होतं. हात कुठंच नव्हते.

“नाहीये इथं. पण खरं आहे ना ते!”

“मी कुठं खोटं म्हणतोय?” आप्पांनी चष्मा काढला. “सोसायटीचं कर्ज फेडून माणसं माझ्याकडं यायची. पावती नाचवत म्हणायची, आता माझ्या रानावर बोजा नाही. मी सातबारा काढून दाखवायचो. इतर अधिकारात बोजा तसाच. माणूस चिडायचा, म्हणायचा, मी पैसे भरलेत, खोटं बोलतोय का? मी म्हणायचो, तुम्ही फेडलंत हे खरं. उताऱ्यावर तसं नाही, हेही खरं. बेबाकी दाखला आणा, मी फेरफार धरतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतील, मग बोजा निघेल. तोवर कुणी विचारलं, उतारा काय सांगतो, तर मला बोजा आहे असंच सांगावं लागेल. तुम्ही माझे सख्खे भाऊ असलात तरी.”

मीनल थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग ते फॉल्स का नाही?”

“हात धुण्यानं फरक पडला नाही, असं कुठं लिहिलंय?”

“नाही.”

“मग खोटं कसं म्हणणार? कागदानं या बाबतीत काही सांगितलेलंच नाही. त्यानं काय सांगितलं, एवढंच तुला विचारलंय.”

त्या दुपारी मीनलनं मागचे सगळे सराव पेपर काढले आणि चुकलेली उत्तरं विषयवार लावली. ज्वालामुखी, रोमन काँक्रीट, मधमाश्यांचे नाच, जुनी जहाजं या उताऱ्यांत तिचं फारसं चुकलेलं नव्हतं. चुका ढिगानं होत्या त्या झोप, लसीकरण, पोषण, इस्पितळं या उताऱ्यांत. म्हणजे जिथं तिला काही माहीत नव्हतं, तिथं ती निमूट वाचत होती; आणि जिथं आठ वर्षांचा अनुभव होता, तिथं पहिलं वाक्य वाचून पुढचं मनानंच पुरं करत होती. मला या गोष्टीतली सगळ्यांत मोलाची जागा हीच वाटते. वाचनाच्या आड अज्ञान येतं हे आपण धरूनच चालतो. पण माहितीही तितकीच आड येते, आणि ती आड आली हे कळायला फार वेळ लागतो, कारण वाचताना आपल्याला सगळं समजल्यासारखं वाटत असतं.

पुढचे तीन दिवस बापलेकीनं एकच काम केलं. मीनलनं उत्तर लिहायचं, आप्पांनी विचारायचं, “कुठल्या ओळीत?” ओळीवर पेन्सिलीची रेघ ओढता आली तरच उत्तर धरायचं. नॉट गिव्हन म्हणायचं असेल, तर तो मुद्दा जिथं यायला हवा होता तो परिच्छेद दाखवायचा आणि मग तिथं तो नाही, असं सांगायचं. एका तासाच्या पेपरला दीड तासाच्या वर लागत होता. क्लासमधल्या मैत्रिणी फोनवर म्हणाल्या, असं वाचत बसलीस तर तिसरा उतारा तुझ्या हाताला लागायचा नाही. मीनलनं ऐकून घेतलं आणि वाचत राहिली.

मिरजेला परतल्यावर ड्यूटीआधी रोज एक उतारा, असा नेम तिनं ठेवला. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की तो कशासाठी लिहिलाय, ते समासात दोन-तीन मराठी शब्दांत टिपायचं: ‘आधीचं मत’, ‘त्यावर शंका’, ‘प्रयोग फसला’. परिच्छेदांना मथळे जुळवायचा प्रश्न तिला पूर्वी सगळ्यांत जड जायचा, कारण एखादं ठसठशीत उदाहरण दिसलं की ती त्याचाच मथळा निवडायची. आता टिपणं बघून मथळा लागायला लागला. सूचनाही ती प्रश्नाइतक्याच नीट वाचू लागली. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं असताना ‘द क्लीन वॉटर’ लिहून तिनं पूर्वी गुण घालवले होते; उत्तर बरोबर, शब्द तीन, गुण शून्य. हळूहळू वेग आला. एकदा नीट वाचलेलं पुन्हा चारदा चाळावं लागत नव्हतं, वेळ वाचत होता तो तिथं.

एका बाबतीत मात्र आप्पांचं आणि तिचं जमलं नाही. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा शेवटी उरलेल्या जागा अंदाजानं का होईना, भरून टाकायच्या. “न वाचता सही करायची?” आप्पा फोनवर म्हणाले. मीनलनं समजावलं, तेव्हा त्यांनी एक अट घातली. घरी सराव करताना अंदाजाच्या उत्तराभोवती गोल करायचा आणि बेरीज त्याला सोडून करायची. तिनं ती अट पाळली. गोल वगळूनही बेरीज ३० च्या वर जायला लागली, तेव्हाच तिनं परीक्षेचे पैसे भरले.

वाचनात तिला ७.५ मिळाले, ऐकण्या-बोलण्यातही निभावलं. लिखाण ६ वर राहिलं, म्हणून ते पुन्हा द्यायचं होतं. त्या तयारीतच एका संध्याकाळी ती ड्यूटीवर आली.

ड्यूटी सोपवून जाणारी धाकटी सिस्टर नवी होती, पण चटपटीत. सात नंबरवर कवठेमहांकाळकडचे एक आजोबा दुपारी दाखल झालेले, न्यूमोनिया, ग्लानीत. पिपरासिलिन सुरू करायची ऑर्डर आहे, पहिला डोस आता द्यायचा. बीपी, शुगर, युरिन आउटपुट तिनं धडाधड सांगितलं आणि म्हणाली, “ॲलर्जी काही नाही.”

“कुठं लिहिलंय?” मीनलनं विचारलं.

तिनं फाईल पुढं केली. ॲलर्जीचा रकाना कोराच होता.

“सिस्टर, असती तर लिहिली असती ना कुणीतरी.”

“कुणी विचारलंच नसेल तर?”

बाहेर मुलगा बसला होता. तो म्हणाला, नाही हो, वडलांना कसलीच ॲलर्जी नाही. मीनलनं त्यालाच विचारलं, घरून आणखी कोण आलंय? कॅन्टीनच्या जिन्याजवळ आजी बसल्या होत्या. त्यांना ॲलर्जी म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं. “आजी, कधी इंजेक्शन दिल्यावर आजोबांच्या अंगावर काही उठलं होतं का?” असं विचारलं, तेव्हा त्या लगेच बोलल्या. मुलगा लहान असताना पायाला गळू झालं होतं, डॉक्टरनं पेनिसिलिनची सुई दिली आणि घटकाभरात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. डॉक्टरनं बजावलं होतं, पुन्हा ही सुई घ्यायची नाही.

पिपरासिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. मीनलनं इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी येऊन आजींशी बोलून औषध बदललं. धाकट्या सिस्टरनं लाल पेनानं रकाना भरला, खाली वेळ घातली, सही केली. तिचा हात थोडा कापत होता. मीनल तिला रागावली नाही. तिनं युनिटमधल्या बाकीच्या फायली टेबलावर मागवल्या. अकरापैकी चार फायलींत तो रकाना रिकामा होता. दोन फायली तिनं धाकटीकडं दिल्या, दोन स्वतः घेतल्या, आणि नातेवाइकांना विचारायला दोघी बाहेरच्या बाकांकडं निघाल्या.