लेकरांचे प्रश्न : एक अमानत



घरात चार-पाच वर्षांचे मूल असेल तर आपणास वेगळे सांगण्याची गरज नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोप लागेपर्यंत त्याचे विचारणे थांबत नाही. चंद्र आपल्या गाडीबरोबर का चालतो? मुंगीला अम्मी असते का? कबरीत दादाजानना अंधाराची भीती वाटत नसेल का? आणि मग कधीतरी, दस्तरखानावर सगळे बसलेले असताना, "अब्बू, अल्लाह मियां कू कौन बनाया?" आपल्या मराठवाड्यातील दखनी घरांत तो प्रश्न बहुधा याच शब्दांत येतो. घास हातातच राहतो. मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात, आणि कोणीतरी 'तौबा कर' म्हणून मुलाला गप्प करते.

जिज्ञासेचे कौतुक करणारे लेख आपण पुष्कळ वाचले असतील. माझा प्रश्न नैतिक आहे आणि तो मुलांविषयी नसून आपल्याविषयी आहे. मुलाला उत्तर देताना आपण खरे बोलण्यास बांधील आहोत काय? की मूल लहान आहे, त्याला कळत नाही, म्हणून शरीअतने आपणास काही सवलत दिली आहे?

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (र.) यांनी आपल्या बालपणातील एक प्रसंग कथन केला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी बसलेले असताना आईने त्यांना हाक मारली की, इकडे ये, तुला काही देते. प्रेषितांनी (स.) त्या मातेस विचारले की, तिच्या मनात काय द्यायचे होते? तिने सांगितले, खजूर. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की, तिने काहीच दिले नसते तर तिच्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. आपण या प्रसंगावर क्षणभर थांबावे. खेळता खेळता मारलेली हाक, समोर अजाण मूल, आणि विषय एका खजुराचा. तरीही नोंद होतेच. सवलत असती तर तिला याहून योग्य जागा कोणती होती?

आता आपल्या घरांकडे पाहू. जेवला नाहीस तर पोलीस घेऊन जातील. आजीचे निधन झाले, पण ती 'गावाला' गेली आहे. नवा भाऊ दवाखान्यातून विकत आणला. यांतील काही थापा आपण हसून सोडून देतो. परंतु एक उत्तर असे आहे की, जे मकतबात बसणाऱ्या मुलांच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. दूध सांडले, बहिणीला चिमटा काढला, नको तो प्रश्न विचारला, की घरातील कोणी म्हणते, अल्लाह तुला जहन्नममध्ये टाकेल. हे मुलाला घाबरवणे आहेच, पण त्याहून गंभीर म्हणजे ते खोटे आहे. वयात येईपर्यंत मुलावरून लेखणी उचललेली आहे, अर्थात त्याच्या चुका त्याच्या नावे लिहिल्या जात नाहीत, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. म्हणजे ज्या मुलाचा हिशेब अल्लाहतआलाने मांडलेलाच नाही, त्याला आपण त्याच्याच नावाने शिक्षा सुनावतो. कुरआनच्या अल-आराफ या अध्यायातील ३३व्या आयतीत निषिद्ध गोष्टींची गणना आहे. अश्लील कृत्ये, अत्याचार आणि शिर्क यांच्या पाठोपाठ, अल्लाहविषयी ज्याचे ज्ञान नाही ते बोलणे हेही तिथे निषिद्ध ठरवले आहे. पोलिसाची थाप एक वेळ पोलिसावर गेली. ही थाप कोणावर जाते, याचा विचार व्हावा.

'अल्लाहला कोणी बनवले' या प्रश्नाकडे परत येतो. पुष्कळ पालक एका हदीसचा आधार घेऊन मुलाला थांबवतात. शैतान माणसाकडे येतो, हे कोणी निर्मिले, ते कोणी निर्मिले असे विचारत शेवटी तुझ्या पालनकर्त्याला कोणी निर्मिले इथवर आणतो. तेव्हा माणसाने अल्लाहचा आश्रय मागावा आणि थांबावे, असा तिचा आशय आहे. हदीस सहीह आहे. पण ती वसवसा, म्हणजे मनात घातलेली शंका, याविषयी आहे, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या प्रश्नात वसवसा नसतो. त्याने आजवर जी जी वस्तू पाहिली ती कोणीतरी बनवलेली पाहिली: पोळी अम्मीने, खुर्ची सुताराने, भिंत गवंड्याने. त्याच धाग्याने तो पुढे गेला. हजरत इब्राहीम (अ.स.) यांनी तारा, चंद्र आणि सूर्य यांच्याकडे पाहत जी पायरी चढली ती याच जिन्याची आहे. त्याला जवळ घेऊन सांगता येते की, बनवलेल्या वस्तूला बनवणारा लागतो. अल्लाह बनवलेला नाही, तो होताच. मुलाला हे पूर्ण कळणार नाही. आपल्याला तरी कुठे पूर्ण कळले आहे! परंतु त्याला एवढे निश्चित कळेल की हा प्रश्न विचारल्याने अब्बूंचा चेहरा बदलत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र यापुढचा आहे, आणि तो आपल्या या भूमीने विचारायला लावलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात जमीन हादरली आणि आठ-दहा हजार माणसे ढिगाऱ्याखाली गेली. माझ्या पिढीने तो भूकंप पाहिला नाही, ऐकला. लातूरच्या बाजूची कोणतीही आजी आजही तो सांगते, आणि शेजारी बसलेले नातवंड विचारते, अल्लाहने असे का केले? त्यात लहान बाळे पण होती ना?

या प्रश्नास एक तयार उत्तर आहे. ते मशिदीतही ऐकू येते, मंदिरातही आणि चहाच्या टपरीवरही: लोकांची पापे वाढली होती. हे उत्तर सोपे आहे, धार्मिक वाटते आणि मुलाला तात्काळ गप्प करते. पण ते देण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? कोणी म्हणेल, समूद आणि मदयनच्या लोकांना भूकंपानेच गाठले, हे कुरआनात आहे. होय, आहे. परंतु तो प्रकोप होता हे आपणास वह्यीने कळले, आणि तत्पूर्वी तेथे प्रेषित जाऊन त्यांना सावध करून चुकले होते. किल्लारीविषयी कोणावर वह्यी आली? उलट प्रेषितांनी (स.) ज्यांना शहीद गणले आहे त्यांत पोटाच्या विकाराने व पाण्यात बुडून मेलेल्यांबरोबर पडझडीखाली दबून मेलेल्या श्रद्धावंताचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांच्यासाठी हा दर्जा सांगितला गेला, त्यांच्या घरावर आपण पापाची पाटी लावावी काय? आणि ज्या लेकराचा बाप त्या रात्री गेला त्याला ती वाचायला द्यावी काय? भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोली येथे नेले होते. ती मुले आज स्वतः आई-बाप झाली आहेत.

येथे प्रेषितांच्या (स.) जीवनातील एक प्रसंग मला पुनःपुन्हा आठवतो. हिजरी सन १० मध्ये त्यांचा लहानगा पुत्र इब्राहीम वारला. योगायोगाने त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. मदिनेतील लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. विचार करा, प्रसंग किती अनुकूल होता! बापाचे हृदय दुःखाने भरलेले, लोकांची श्रद्धा आपोआप वाढत असलेली; केवळ मौन पाळले असते तरी पुरे होते. परंतु प्रेषितांनी (स.) ग्रहणाची नमाज अदा केली आणि लोकांना स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. श्रद्धेला बळ देणारे असत्यही त्यांनी एक दिवस टिकू दिले नाही. 'मुलाच्या ईमानसाठीच तर सांगतो' ही जी आपली सबब आहे, ती या प्रसंगापुढे उभी राहू शकत नाही.

मग त्या नातवंडाला काय सांगावे? प्रथम, जे ठाऊक आहे ते. जमिनीखालचा खडक युगानुयुगे ताण सोसतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. आपल्याकडची जुनी घरे मोठ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंतींची होती. वर माळवदाचा जड भार. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत झोपलेल्यांवर आले. म्हणून नंतर गावे नव्या पद्धतीने बांधली. आणि जे ठाऊक नाही तेही सांगावे: त्या बाळांवर त्या रात्री ते का आले, हे अल्लाह जाणतो, मी जाणत नाही, मलाही वाईट वाटते. इब्राहीमला मांडीवर घेऊन प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू आले होते, हेही मुलाला सांगण्यासारखे आहे.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागली तेव्हा घराघरांत आणखी एक प्रश्न होता: इस्तिस्काची नमाज पढली तरी पाऊस का नाही? तिथेही हीच वाट. दुआ म्हणजे अल्लाहला दिलेला हुकूम नव्हे, एवढे सात वर्षांच्या मुलाला उमजते. त्याने स्वतः मागितलेली प्रत्येक वस्तू त्याला कुठे मिळालेली असते!

नांदेडच्या मुलांचे प्रश्न निराळे असतात. ज्या शहरात १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला आणि जिथे हुजूर साहिबच्या दर्शनासाठी देशभरातून भाविक येतात, तिथे आपल्या मुलाच्या बाकावर शीख मुलगा बसतो, बौद्ध बसतो, लिंगायत बसतो. एके दिवशी मूल विचारते, माझा दोस्त जन्नतमध्ये येईल ना? अनेक पालक येथे न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतात. ती खुर्ची आपली नाही. आपला मार्ग कोणता आणि आपण त्याला सत्य का मानतो, हे मुलाला अवश्य शिकवावे. त्यात संकोच नको. परंतु अमुक नावाच्या अमुक मुलाचा निवाडा अल्लाहकडे आहे आणि तो कोणावरही कणभर अन्याय करत नाही, याच्या पलीकडे बोलण्यास आपण नेमलेले नाही. दोस्ताचा डबा वाटून खाणे, तो आजारी पडला तर भेटीस जाणे, ही आपल्याकडची कामे. तेवढी सांगावीत.

काही बुजुर्ग म्हणतील, अशाने मुले बेअदब होतात. जास्त प्रश्न विचारू नयेत असे कुरआनातही आहे. अल-माइदा या अध्यायातील १०१वी आयत त्यांच्या मनात असते, आणि बनी इस्राईलच्या गायीची हकीकतही. पण त्या लोकांना गायीविषयी काही जाणून घ्यायचे नव्हते. आज्ञा टाळायची होती, म्हणून ते कधी वय विचारीत, कधी रंग. मूल टाळण्यासाठी विचारत नाही (झोपण्याची वेळ सोडून, तेव्हा मात्र ते पूर्ण बनी इस्राईल असते). आमच्या मदरशातील जुने अरबी ग्रंथ तर प्रश्नांवरच उभे आहेत: 'कोणी असे म्हणेल', आणि लगेच 'तर आम्ही म्हणू'. लेखक स्वतःच शंका काढतो, कारण शंका न येणारा विद्यार्थी त्याला नको असतो. हदीसशास्त्राचा सारा डोलारा 'तुला हे कोणी सांगितले' या एका प्रश्नावर आहे, आणि तो प्रश्न मूल दिवसातून दहा वेळा विचारते.

राहिला प्रश्न आपल्या प्रतिष्ठेचा. 'मला माहीत नाही' म्हटले तर बापाचा मान काय राहील? इमाम मालिक (र.) यांच्याविषयी नमूद आहे की, एकदा त्यांना ४८ प्रश्न विचारले गेले, त्यांतील ३२ प्रश्नांना त्यांनी 'मला ठाऊक नाही' असे उत्तर दिले. त्यांचा मान अद्याप शाबूत आहे. न जाणता दिलेले उत्तर काय करू शकते तेही हदीसमध्ये आले आहे. प्रवासात एका सहाबींचे डोके फुटले, त्यांच्यावर स्नान आवश्यक झाले. तयम्मुम चालेल काय, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. सोबत्यांनी ठामपणे नाही म्हटले. त्यांनी स्नान केले आणि ते मरण पावले. प्रेषित (स.) त्या सोबत्यांवर अत्यंत संतप्त झाले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप होता.

आपल्या लातूरचे नाव परीक्षांमुळे देशभर झाले, आणि ते कष्टाने झाले आहे. पण चार पर्यायांतून एकावर खूण करणारा सोळा वर्षांचा मुलगा पाहिला की मनात येते, याच मुलाने चौथ्या वर्षी मुंगीच्या आईविषयी विचारले असेल. ते विचारणे कोणत्या साली थांबले, हे त्याच्या घरच्यांना तरी आठवते काय?

आमच्या मकतबात जुमेरातच्या दिवशी असरनंतर सबक बाजूला ठेवून मी मुलांना विचारू देतो. मागच्या आठवड्यात एका सहा वर्षांच्या मुलीने विचारले, सगळे प्राणी अल्लाहची तस्बीह करतात असे तुम्हीच सांगितले. मग मांजर वजू कुठे करते? सारा वर्ग हसला, ती हसली नाही. मी माझ्या उस्तादांना फोन करून विचारले आहे. तिला पुढच्या जुमेरातचा वायदा दिला आहे.