कातरलेला किनारा

कोकणच्या किनाऱ्यावर पक्षी पाहणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक प्रश्न फार लवकर येतो. "फोटो आहे का?" नाही म्हटलं की बोलणंच मिटतं. परवा एका तरुण निरीक्षकाने तर स्वच्छ सांगून टाकलं, फोटो नसलेली नोंद म्हणजे अफवा. समोर एक निवृत्त शिक्षक उभे होते. त्यांच्या वह्यांत त्याच किनाऱ्याचे कित्येक हिवाळे उतरलेले आहेत. ते काही बोलले नाहीत. पण हे बोलणं असंच सोडून देण्यासारखं नाही.

उत्तरेकडचे पक्षी थंडीत येतात, चिखलात चरतात, पावसाआधी परततात, हे आता कुणाला सांगायला नको. कॅमेरे हातोहाती आले, हेही दिसतंच आहे. वाद आहे तो नोंद कशाला म्हणायचं, याचा.

पुरावा मागण्याची रीत जुनीच. एकोणिसाव्या शतकात पुरावा म्हणजे बंदूक. पक्षी पाडायचा, कातडं सोलून सुकवायचं, पायाला चिठ्ठी बांधायची आणि पेटीत ठेवायचं. पक्षी-अभ्यासक ॲलन ह्यूम यांनी भारतभरातून जमवलेला असा प्रचंड संग्रह 1885 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला. पक्षी कोणता, हे त्या कातड्यांवरून ठरवता येई. तो जगतो कसा, हे मात्र पेटी उघडून कळत नाही. ते कळायला अलिबागजवळच्या किहीमसारखं गाव लागतं आणि सवड लागते. 1930 साली पक्षितज्ज्ञ सलीम अली तिथे राहत होते, जवळच सुगरणींची वसाहत होती. सुगरण काही दुर्मिळ नव्हे. अलींनी ती तासन्‌तास पाहिली आणि लिहून ठेवली. नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तर तिथे नांदू लागते, आणि नर दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणायला घेतो. हा सगळा संसार एका चौकटीत मावणारा नव्हता. तो वहीतच मावला.

म्हणून नवलाची नोंद आणि नित्याची नोंद यांत फरक करायला हवा. पावसाळी वादळात खोल समुद्रावरचा एखादा मास्क्ड बूबी थकून वाळूवर येऊन पडतो. ती नवलाची नोंद. बातमी होते, फोटो गावोगाव फिरतो. त्याच वाळूवर रोज धावणाऱ्या चिखल्यांची आणि तुतवारांची संख्या विचारायला कुणी येत नाही. खरं तर पक्ष्यांचं बरं चाललं आहे की वाईट, हे कळतं ते नित्याच्या नोंदींवरून. 2023 चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल सुमारे 30,000 निरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यात 942 जातींचा आढावा आहे. यातल्या बहुतेक नोंदींना फोटो नाही. त्यांचं बळ वेगळ्याच तपशिलांत आहे. किती वाजता पाहिलं, किती वेळ पाहिलं, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले की निवडक? सगळे लिहिले असतील तरच न दिसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. कावळा, घार, बगळा गाळून मौजेचे तीनच पक्षी टिपणारी यादी कितीही देखणी असो, घारी कमी झाल्या का, हे तिला सांगता येणार नाही.

किनाऱ्यावर आणखी एक रकाना लागतो आणि नेमका तोच रिकामा राहतो. तो भरतीचा. कोळीवाड्यात यासाठी तक्ता लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे मंद भरती. ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो, पक्षी त्यावर विखुरतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की तेच थवे मागे सरकत सरकत एखाद्या उंचवट्यावर दाटीने उभे राहतात, चोची वाऱ्याकडे, कित्येक जण एका पायावर. मोजायचे ते तेव्हा. एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी, दोन प्रामाणिक माणसांच्या आकड्यांत दुपटी-चौपटीचा फरक पडू शकतो तो यामुळेच. भरतीची वेळ लिहिली असली तर तो फरक उलगडतो.

आता त्या तरुणाचं म्हणणं. छोटा आणि मोठा सँड प्लोव्हर हिवाळी पिसाऱ्यात इतके सारखे दिसतात, की भेद उरतो तो चोचीच्या आणि पायांच्या लांबीचा. उन्हाची झळ, खारा वारा, हलणारा थवा. मुरलेला निरीक्षकही इथे फसतो. फोटो असला तर दहा वर्षांनी दुसरा जाणकार तो तपासू शकतो, वहीतलं नाव तसं तपासता येत नाही. परदेशात कुणी पायात अडकवलेल्या रंगीत पट्टीवरची अक्षरं फोटोतून वाचता येतात आणि एका पक्ष्याचा प्रवास हाती लागतो. वहीची बाजू घेणाऱ्यांनी हे मान्य करायलाच हवं.

पण हा फोटो लोकांपुढे येतो कसा? पक्षी चौकटभर, मागे धूसर निळा-हिरवा रंग. किनारा कातरून टाकलेला. तो चिखलावर उभा होता की ताज्या भरावावर, काही कळत नाही.

कातरलेल्या या किनाऱ्याचं मोल ठाणे खाडीत समजतं. खाडीचा एक भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. पण रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे ओहोटीला चरतात. खाडी भरली की त्यांना नेरूळ-उरणकडच्या उथळ पाणथळींचा आधार लागतो, आणि त्या अभयारण्याबाहेर आहेत. उरणच्या पाणजेसारख्या पाणथळीवरून वाद पेटतो तेव्हा विचारलं जातं, इथे पाणी होतं का, पक्षी होते का, कधी, किती? वहीतला आकडा कुणीही नाकारू शकतो. चौकटभर रोहिताचा सुरेख फोटो कुठलाही असू शकतो. टिकतो तो ओबडधोबड फोटो, ज्यात पक्षी लहान असतात पण मागे ओळखू येणारा टॉवर असतो, बांध असतो, खारफुटीची कड असते आणि पाणी कुठवर चढलं होतं ते दिसतं.

म्हणजे वहीची बाजू घेऊन निघालेला विचार इथे कॅमेऱ्यापाशी येऊन पोचतो. फोटो हवाच, त्या तरुणाच्या मागणीहूनही जास्त आग्रहाने हवा. फक्त नवलाच्या पक्ष्याइतकाच नित्याच्या मोजणीलाही हवा, आणि तो पक्ष्याचा कमी, जागेचा जास्त असावा. कातरणं हा नोंद अर्धी पुसण्याचा प्रकार आहे.

याला अपवाद घरट्यांचा. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं असलं, तर मागचं देऊळ आणि वाट दाखवणारा फोटो गर्दीला थेट झाडाखाली आणून सोडतो. तो काढावा, तारीख घालून जपावा आणि अभ्यासकांपलीकडे कुणाला दाखवू नये.

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. पुढच्या खेपेला मोजणी आटोपल्यावर गटातल्या एकाने साध्या मोबाइलने चारही दिशांचा एकेक फोटो घ्यावा, दरवर्षी त्याच दगडावर उभं राहून, आणि खाली आकड्यांसोबत तिथी आणि भरतीची वेळ लिहावी. निवृत्त शिक्षकांच्या वह्याही त्या तरुणाने पानं उलटत टिपून घेतल्या पाहिजेत. ते फोटो आणि या वह्या एकाच फायलीत राहायला हव्यात.