तिरके मेज



शेवटचे भोजन म्हटले की आपल्याला लिओनार्दो दा विंचीचे चित्र आठवते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्याची तसबीर असते. लांब सरळ मेज, बरोबर मध्यभागी प्रभू येशू, दोन्ही बाजूंना सहा-सहा शिष्य.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १५९२ ते १५९४ या काळात, तिंतोरेत्तो या चित्रकाराने व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे चर्चसाठी हाच प्रसंग रंगवला. त्यात मेज तिरके आहे आणि ते अंधारात आत-आत शिरत जाते. प्रभू दूर उभा, म्हणून लहान दिसतो. अगदी पुढे, सर्वांत मोठे दिसतात ते वाढपी! एक बाई टोपलीपाशी गुडघ्यावर बसली आहे आणि मांजर त्या टोपलीत डोकावते आहे. मॅनरिझम या शैलीचे चित्रकार जागा मुद्दाम अशी ओढूनताणून दाखवत. कोणी याला नुसती करामत म्हणेल. मला येथे तरी तसे वाटत नाही.

कारण डोळ्याला वाट दाखवतो तो प्रकाश. वर एक दिवा टांगलेला आहे, त्याच्या धुरातून देवदूतांच्या धूसर आकृती उमटतात. दुसरा प्रकाश खुद्द प्रभूच्या मस्तकाभोवती आहे. तो उभा राहून शिष्याच्या मुखात भाकर देतो आहे, वेदीपाशी धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद देतात अगदी तसा. ख्रिस्तप्रसादात प्रभू खरोखर उपस्थित असतो, हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली पुन्हा ठामपणे सांगितले होते. हे चित्र वेदीच्या बाजूच्या भिंतीसाठीच काढलेले आहे.

आता यूदाकडे पाहा. तो मेजाच्या अलीकडे एकटाच बसला आहे. प्रभूपासून हाताच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ, पण इतर शिष्यांच्या मस्तकांमागे तेजोवलय आहे, त्याच्यामागे नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'अवकाश म्हणजे काय' यावर तासन्‌तास वाद घातले. या चित्रकाराने तो प्रश्न एका बाकावर बसवला. पहिल्या बाकावरच्या माणसाने आणि मलाही, जो वेदीला रोज हात लावतो, हे पाहून थोडे अस्वस्थ व्हायला हवे.

वाढप्यांचे काय? ते बेसावध आहेत, असे प्रवचनात सांगणे सोपे आहे. पण कोणीतरी भांडी उचलायलाच हवीत. सणाच्या दिवशी मिस्सा चालू असताना मागे मंडपात पातेल्यांशी झटणाऱ्या आपल्या भगिनी मला येथे आठवतात. देवदूत त्यांच्याही डोक्यावरून जात आहेत. त्यांना वर पाहायला सवड नाही, एवढेच.

येत्या सणाला निदान ख्रिस्तप्रसादाच्या वेळी त्यांच्या हातातले डाव कोणीतरी दहा मिनिटे धरावेत. पुरुष मंडळींपैकी कोण तयार आहे, त्यांनी मिस्सानंतर मला भेटावे.