शाळेच्या अपयशाचा शोध

एखादी सरकारी शाळा मागे पडली आहे असे म्हणताना नेमके काय मोजायचे, याविषयीची समजूत भारतात गेल्या शतकभरात अनेकदा बदलली असून, शाळा सुधारण्याच्या धोरणांचा इतिहास हा बहुतांशी त्या बदलत्या समजुतीचाच इतिहास आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा चिंता होती ती शाळेबाहेर राहणाऱ्या मुलांची. १९२९ मध्ये हार्टोग समितीने त्यापुढे जाऊन गळती, म्हणजे शिक्षण अर्धवट टाकून मुलांनी निघून जाणे, आणि स्थगन, म्हणजे एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून पडणे, या दोन मापांनी शाळेचे अपयश मोजले. ही मापे इतकी सोयीची ठरली की स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके नियोजनकार तीच वापरत राहिले; मूल वर्गात टिकले की ते शिकतेच, हे त्या मापांच्या मुळाशी असलेले गृहीतक मात्र फारसे कोणी तपासले नाही. खडू-फळा मोहीम काय किंवा सर्व शिक्षा अभियान काय, दोहोंचा भर खोल्या, शिक्षक आणि पटनोंदणी यांवरच अधिक होता, आणि ज्या देशात कित्येक गावांना शाळाच नव्हती तेथे तो अनाठायी होता असेही म्हणता येत नाही.

या गृहीतकाला धक्का बसला तो २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने निघू लागलेल्या ‘असर’ अहवालांमुळे. त्यासाठीचे सर्वेक्षण शाळेत न करता घरोघरी जाऊन केले जाई, जेणेकरून त्या दिवशी गैरहजर असलेले आणि शाळेत नावच नसलेले मूलही मोजले जावे. आणि त्यातून दिसले असे की ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नव्हता. म्हणजे पट भरला होता, पण वाचन आले नव्हते.

यावर उपाय कोणता, याचा एक महत्त्वाचा प्रयोग त्याआधीच मुंबई आणि बडोदे येथील महापालिका शाळांत होऊन गेला होता. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे यादृच्छिक पद्धत वापरली, म्हणजे कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला मदत मिळावी हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले, ज्यायोगे दिसणारा फरक त्या मदतीचाच आहे असे खात्रीने म्हणता यावे. ‘बालसखी’ म्हणून नेमलेली वस्तीतलीच एक तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून अक्षरओळख आणि अंकज्ञान देई. या मुलांची प्रगती झाली. परंतु त्याहून बोलका निष्कर्ष मूळ वर्गातच राहिलेल्या मुलांविषयीचा होता, कारण वर्गातली गर्दी कमी होऊनही त्यांच्या गुणांत लक्षणीय वाढ झाली नाही. पटसंख्या कमी केली की शिक्षण आपोआप सुधारते या सर्वमान्य समजुतीला ही चपराकच होती. अर्थात कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात मिळालेल्या लाभाचा बराचसा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले.

पुढील प्रयोगांचे मोल त्यांच्या यशापेक्षा अपयशात अधिक आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावकऱ्यांना सभा घेऊन मुलांच्या वाचनाची स्थिती सांगण्यात आली, तरी शाळेत काहीही हलले नाही. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीतील शिबिरांत मुलांच्या पातळीनुसार शिकवले तेव्हा मुले शिकली, पण नियमित वर्षात शिक्षकांना केवळ साहित्य आणि प्रशिक्षण पुरवल्याने फरक पडला नाही. दोष शिक्षकांच्या कुवतीत नव्हता. नियमित वर्गात त्यांच्या डोक्यावर पोर्शन पुरा करण्याची टांगती तलवार होती. हे ओळखूनच हरियाणात शाळेच्या दिवसात एक स्वतंत्र तास वाढवण्यात आला, त्या तासापुरती मुलांची विभागणी इयत्तेऐवजी पातळीनुसार झाली, देखरेख करणाऱ्यांनाही प्रशिक्षण मिळाले, आणि मग भाषेत सुधारणा दिसली.

धोरणाने या संशोधनातून जे उचलले ते प्रामुख्याने चाचण्या, तक्ते आणि उद्दिष्टे. अभ्यासक्रमापासून मोकळा वेळ मात्र क्वचितच. मध्य प्रदेशात शाळांची तपासणी करून सुधारणा-आराखडे तयार करण्याचा एक कार्यक्रम अभ्यासकांनी तपासला तेव्हा आराखडे तयार झाल्याचे, पण अध्यापन आणि अध्ययन जागच्या जागी राहिल्याचे आढळले, आणि तरीही कार्यक्रमाचा विस्तार झाला. महाराष्ट्राचा २२ जून २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा शासन निर्णय मुलाच्या शिकण्यालाच केंद्रस्थानी आणणारा होता, आणि २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत वाचन व अंकज्ञान साधण्याचे उद्दिष्ट देशासाठी ठरवले. २०२४ च्या ‘असर’नुसार ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. वाढ खरी आहे, पण चौथीपासून आठवीपर्यंतच्या, पाया कच्चा राहिलेल्या मुलांना या उद्दिष्टात जागा नाही. त्यांच्या बाबतीत शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण करण्याची मुभा राज्यांना दिली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियम बदलले, आणि ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करण्याचे शिक्षकावर घातलेले त्याच कायद्याच्या कलम २४ मधील बंधन मात्र जसेच्या तसे ठेवण्यात आले.