तेल जाते कुठे?



मागे एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एक जुनी मारुती आठशे सुरू होईना. लगेच आठ-दहा जण भोवती जमले. कोणी म्हणाले प्लग, कोणी म्हणाले पेट्रोल, कोणी सरळ धक्का मारायला मागे जाऊन उभे राहिले. (आपल्या धर्मग्रामात गायनमंडळाला माणसे कमी पडतात, उघड्या बॉनेटभोवती कधीच कमी पडत नाहीत!) शेवटी एकाने बॅटरीचे टर्मिनल पाहिले. त्यावर पांढरा थर चढला होता. काळी वायर आधी काढली, मग लाल. सोड्याच्या कोमट पाण्याने थर धुतला, पुसून कोरडे केले, लाल वायर आधी लावली, काळी शेवटी, वरून थोडे व्हॅसलीन फासले. गाडी सुरू झाली. सर्वांना आनंद झाला, आम्हालाही झाला.

आपल्या हाताने आपली वस्तू दुरुस्त करणे ही चांगली गोष्ट आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. जुनी गाडी ठेवणारी आपली बहुतेक कुटुंबे हौसेने ठेवत नाहीत, नवी परवडत नाही म्हणून ठेवतात. त्यांना गॅरेजचे प्रत्येक बिल जड जाते. गाडी सुरू होत नसेल तर बॅटरी, ठिणगी आणि पेट्रोल या तीन गोष्टी क्रमाने पाहाव्या, एवढे कळले तरी निम्मे काम घरीच होते. चावी फिरवताना दिवे मंद होत असतील तर दोष बॅटरीकडे. दिवे लख्ख आहेत, इंजिन फिरते पण पकडत नाही, तर प्लग काढून पाहावा, काजळी असेल तर साफ करावी. हे शिकायला कॉलेज लागत नाही. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

आमच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी होती. आम्ही तिला फियाटच म्हणत असू, कारण मुळात ती फियाट ११०० च होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे, आणि २००० च्या सुमारास बनायची थांबली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. आम्ही ती १९९१ साली जुनीच घेतली. खामगावच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात तिचा पंप तापायचा, पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी नांदुऱ्याच्या रस्त्यावर मधेच बंद पडायची. उपाय सोपा होता. पंपावर ओले फडके टाकायचे, झाडाखाली दहा मिनिटे थांबायचे. रेडिएटरला बारीक छिद्र पडले तेव्हा पाण्यात हळद टाकली, गळती थांबली. टाकी झिरपली तेव्हा वरून साबण घासला. त्या काळी प्रत्येक फियाटवाल्याला हे माहीत होते, आणि आम्हाला त्याचा थोडा अभिमानही होता.

त्याच अभिमानात १९९६ च्या उन्हाळ्यात ब्रेकचे तेल कमी होऊ लागले. आम्ही बाटली आणली आणि भर घातली. पंधरा दिवसांनी पुन्हा कमी, पुन्हा भर. पेडल थोडे मऊ लागायचे, पण दोनदा दाबले की ब्रेक लागायचा. आम्हाला त्याची सवय झाली. मे महिन्यात बुलढाण्याला लग्न होते. गाडीत आम्ही धरून सहा जण, त्यात दोन लहान मुले. येताना बोथ्याच्या घाटात उतारावर पेडल दाबले ते सरळ खाली गेले. दुसऱ्यांदा दाबले, पुन्हा तेच. पुढे वळणावर एक माणूस आठ-दहा बकऱ्या घेऊन चालला होता. गिअर खाली ओढला, हॅन्डब्रेक ओढला, हॉर्न दाबून धरला. गाडी डाव्या बाजूच्या मातीच्या ढिगाला घासत जाऊन थांबली. कोणाला काही झाले नाही. बकऱ्यावाल्याने आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी खामगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी मागचे चाक काढले. आतला ड्रम तेलाने ओला, सिलिंडरचे रबर फाटलेले, लायनरही तेल पिऊन बसलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तेल कमी होते हे तं पाह्यलं भाऊ, पन जाते कुठी हे नाही पाह्यलं?"

हा प्रश्न आमच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. ब्रेकचे तेल पेट्रोलसारखे जळून संपत नाही. लायनर झिजतील तशी पातळी महिनोन्महिने हळूहळू थोडी उतरते, ते ठीक. पण पंधरा दिवसांत उतरते म्हणजे ते कुठेतरी बाहेर पडत आहे. आम्हाला हे कळत नव्हते असे नाही. आम्ही विचारले नाही, कारण उत्तर मिळाले असते तर लग्नाला गाडी नेता आली नसती.

निर्गमाच्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, मारक्या बैलाविषयी एक नियम आहे. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या मुलखात तो समजायला अवघड नाही. एखाद्याचा बैल अचानक कोणाला शिंग मारून ठार करतो, तर बैलाला शिक्षा होते, मालक निर्दोष सुटतो. पण बैल आधीपासून मारका आहे, मालकाला तसे सांगितले होते, आणि तरी त्याने बैल बांधून ठेवला नाही, तर मालकही दोषी ठरतो. बैल तोच, मरणाराही तोच. फरक एवढाच की मालकाला माहीत होते.

गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्याची अडचण इथेच आहे. ज्याने कधी बॉनेट उघडले नाही तो निदान म्हणू शकतो, मला यातले काही कळत नाही. ज्याने उघडले, बाटलीने तेल भरले, त्याला हे म्हणता येत नाही. मग उघडूच नये का? तसेही नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी अज्ञानाचे प्रकार सांगताना हेही सांगितले की, सोयीचे म्हणून मुद्दाम पत्करलेले अज्ञान माणसाला दोषातून सोडवत नाही. आमचे अज्ञान त्याच जातीचे होते.

म्हणून आम्हाला वाटते की ओले फडके आणि बाटलीभर तेल यांत फरक करायला हवा. पंप तापून गाडी बंद पडली तर आम्हीच उन्हात उभे राहू, दुसऱ्याचे काही जात नाही. तिथे हवी ती युक्ती करावी. पण ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि पेट्रोलची नळी यांची जोखीम एकट्या मालकाची नसते. आता तर २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, त्या कडक होतात, चिरतात. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकत असेल तर साबण लावून भागणार नाही, नळी बदलावीच लागेल. आपल्यापैकी काही जण दर रविवारी शेजारच्या आजींना गाडीत बसवून मिस्साला आणतात. फार चांगले काम आहे. पण तुमचे पेडल दोनदा दाबावे लागते हे आजींना माहीत नसते, त्या भरवशावर बसतात. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर लावून नेणारेही आम्ही पाहिले आहेत. परत आल्यावर तेच गुळगुळीत टायर, आणि मागच्या सीटवर तीच मुले.

इतके लिहूनही एक गोष्ट सांगायची राहते, ती आमच्याच विरुद्ध जाते. घाटातल्या त्या प्रसंगानंतर आम्ही ब्रेकचे काम नीट करून घेतले. पण २००३ साली फियाट विकली तेव्हा रेडिएटरमध्ये हळद होतीच. घेणारा जवळच्या खेड्यातला तरुण होता. त्याने विचारले, "काही काम निघेल का काका?" आम्ही म्हणालो, "जुनी गाडी आहे, थोडेफार चालायचेच." हे खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते. पैसे मोजले, तो गाडी घेऊन गेला. घरात त्या रात्री कोणी या विषयावर बोलले नाही.

चार दिवसांनी तो नाव बदलण्याच्या फॉर्मवर सही घ्यायला एसटीने आला. चहा झाल्यावर आम्ही त्याला हळदीचे सांगितले आणि रेडिएटरच्या कामाचे म्हणून दीड हजार रुपये पुढे केले. तो रागावेल असे वाटले होते. त्याने पैसे मोजून खिशात ठेवले, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, अजून काही सांगाचं राहलं असन तं आताच सांगून द्या. मी माझ्या मायले दवाखान्यात नेतो त्या गाडीत."

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही पाने घेऊन त्याच्या गावी गेलो आणि त्याच्या अंगणात चारही चाके काढून एकेक ड्रम त्याला उघडून दाखवला.