उघड दान आणि झाकलेला आजार

सदका असा द्यावा की उजव्या हाताचे डाव्या हातालाही कळू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या घराघरांत रुजलेली आहे. मग २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर धावून, छातीवर एखाद्या आजाराचे नाव मिरवून त्यासाठी देणग्या गोळा करणाऱ्यांना काय म्हणावे? हे दान की रिया?

सूरह बकराच्या २७१ व्या आयतीत उघड दानही चांगलेच ठरवले आहे. गरिबाला गुपचूप दिलेले अधिक चांगले. मुज़र कबील्याचे उघडेनागडे लोक मदीनेत आले, तेव्हा एका अन्सारी सहाबीने सर्वांदेखत जड थैली आणून ठेवली. ती पाहून इतरही पुढे सरसावले आणि धान्य-कपड्यांचे ढीग लागले. चांगला पायंडा पाडणाऱ्याला मागून येणाऱ्यांच्या पुण्याचाही वाटा मिळतो, असे प्रेषितांनी (स.) त्या वेळी सांगितले.

थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारात तर असा पायंडा अधिकच निकडीचा आहे. तीव्र थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषधे लागतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात असे मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः निरोगी दिसतो. नात्यातल्या विवाहात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. असा निकाह जायज आहे, परंतु जायज असणे म्हणजे अनिवार्य असणे नव्हे.

तरीही आपल्या माजलगावसारख्या गावांत हा विषय झाकला जातो. मुलीचे स्थळ मोडेल, ही भीती असते. मूल आजारी निघाले की बोट सुनेकडे जाते. वस्तुतः तो वारसा दोघांकडून आलेला असतो. हा निव्वळ जुलूम आहे.

म्हणून दोन गोष्टींत भेद करावा. गरजवंताचे नाव झाकावे, कारण त्याची अब्रू ही अमानत आहे. आजाराचे नाव मात्र उघड घ्यावे, कारण त्याच्या झाकण्यातून पुढच्या पिढीचे दुःख वाढते. धावणाऱ्याची नियत अल्लाह जाणतो. तिचा न्यायनिवाडा आपल्याकडे सोपवलेला नाही. आपल्या हाती एवढे निश्चित आहे: महेर ठरवण्याच्या बैठकीआधी मुलगा आणि मुलगी, दोघांचीही रक्ततपासणी करून घ्यावी आणि मशिदीच्या आवारात रक्तदान शिबिर भरवावे. त्यासाठी बेचाळीस किलोमीटर धावावे लागत नाही. लोक काय म्हणतील, ही भीती तेवढी ओलांडावी लागते.