उजेड आणि न्याय

छायाचित्र म्हणजे माणसाचें खरें रूप, अशी आपली समजूत असते. परंतु चेहऱ्यावर प्रकाश कोठून व किती पडूं द्यावा हें छायाचित्रकारच ठरवितो. तेव्हां त्या खरेपणाची जबाबदारीहि त्याच्यावर येते.

मुंबईंत ही विद्या लवकर आली. छायाचित्रकारांची संस्था येथें १८५४ सालींच निघाली. पुढें दादासाहेब फाळक्यांनीं दादरला 'राजा हरिश्चंद्र' घेतला व तो १९१३ मध्यें गिरगांवांत दाखविला. तोहि सूर्यप्रकाशाच्याच बळावर. घरगुती चित्राला तर याहून थोडें पुरतें. चाळींतल्या खोलीच्या खिडकीशीं माणूस बसविला कीं अर्धा चेहरा उजळतो, अर्धा काळोखांत बुडतो. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला तें तितकें साधत नाहीं. म्हणून काळोख्या बाजूस पांढरी चादर किंवा पुठ्ठा धरतात. खिडकींतला उजेड त्यावरून परतून गालावर येतो. चादर जवळ आणावी तशी छाया विरळ होते. फारच जवळ आणली तर नाकाडोळ्यांचा उठाव जाऊन चेहरा सपाट दिसूं लागतो.

ही लबाडी म्हणावी काय? सरसकट तसें म्हणतां येणार नाहीं. जुन्या काचांना निळा रंग चटकन् दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें सांवळी कांति प्रत्यक्षाहून काळी उमटे. तेथें परतीचा उजेड हा न्यायच होता.

पण हीच चादर दुसऱ्या कामासहि लागते. मुलीचें छायाचित्र स्थळाकडे पाठवावयाचें असलें म्हणजे "जरा उजळ येऊं द्या" असें वडीलमाणसें सांगतात. ही मागणी आजहि सरलेली नाहीं. कोणी म्हणेल, यांत कोणाचें काय बिघडलें? नकार ऐकावा लागणाऱ्या बापाची भीति खोटी नसते, हें मलाहि मान्य आहे. परंतु बिघडतें तें त्या मुलीचें. तिचा स्वतःचा चेहरा पुरेसा नाहीं, हें तिला प्रथम तिच्याच घरांत कळतें; आणि परक्या घरीं तिची तुलना व्हावयाची ती तिच्याच चित्राशीं.

छायेंत लपलेलें दाखविणें निराळें आणि असलेलें पुसणें निराळें. चादर किती जवळ धरावी याचें माप कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं. चित्र हातीं घेतल्यावर त्या मुलीला "ही मीच" असें निःशंकपणें म्हणतां यावें, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.